गॅलरीतील औषधी वनस्पती: काय लावावे, कसे घ्यावे आणि कोणी टाळावे

पुण्यातील एका ताईंनी विचारले आहे की, पूर्वेकडच्या गॅलरीत दहा-बारा कुंड्यांची जागा आहे, तुळस आणि गवती चहा आधीपासून आहेत, आणि आता नर्सरीतून गुळवेल, अडुळसा, ब्राह्मी व ‘इन्सुलिन’ नावाने मिळणारे रोप आणले आहे. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, रोज सकाळी तुळस, गुळवेल, ज्येष्ठमध, सुंठ आणि दालचिनीचा काढा पितात, आणि दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. कोणती वनस्पती कोणत्या आजारावर चालते याची यादी त्यांना हवी आहे.

अशा याद्या कुठेही मिळतात आणि त्यांतील बहुतेक ओळी खोट्याही नसतात. अडुळसा खोकल्यावर चालतो, गुळवेल तापावर चालते, हे कोणीही सांगेल. पण माझ्याकडे वनौषधींमुळे त्रास झालेले जे रुग्ण येतात, त्यांनी आजार चुकीचा निवडलेला असतो असे क्वचितच दिसते. वनस्पतीच भलती असते, किंवा भाग भलता वापरलेला असतो, किंवा चार दिवस घ्यायचे औषध चार महिने घेतलेले असते, किंवा चालू गोळ्यांचा विचार झालेला नसतो. म्हणून खरा प्रश्न ‘कोणत्या आजारावर काय’ एवढाच नाही; ‘कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या रूपात, किती दिवस आणि कोणासाठी’ असा तो आहे, आणि त्याच क्रमाने मी उत्तर देते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. सासूबाईंच्या गोळ्यांची नावे, त्यांची मूत्रपिंडे कशी चालतात, यकृताच्या तपासण्या काय सांगतात, हे मला माहीत नाही. पुढे जी प्रमाणे दिली आहेत, ती इतर कोणताही आजार नसलेल्या प्रौढ माणसासाठी आहेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि रोज गोळ्या घेणारी वडीलधारी माणसे यांना ती जशीच्या तशी लागू करू नयेत.

कुंडीत काय लावावे हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे: जे ताजेच वापरायचे असते ते घरी लावावे आणि जे वाळलेले चालते ते काष्ठौषधींच्या दुकानातून आणावे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद-ग्रंथकाराने गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वनस्पती नेहमी ओल्याच वापराव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. एरवी ओले द्रव्य वापरताना प्रमाण दुप्पट घेण्याचा नियम आहे. या वनस्पतींना तो लागू नाही. त्यांतील गुळवेल आणि अडुळसा गॅलरीत उत्तम येतात. शतावरीची वेल दिसायला सुंदर असते, पण औषधी भाग म्हणजे तिच्या मुळ्या. त्या भरायला दोन-तीन वर्षे लागतात आणि काढायच्या तर सगळे झाड उपटावे लागते, म्हणून कुंडीत ती शोभेपुरतीच. सुंठ, हिरडा, ज्येष्ठमध, नागरमोथा यांच्यासाठी कुंडी अडवण्याचे कारण नाही.

आता गुळवेलीकडे येते आणि तिच्याकडे थोडा अधिक वेळ थांबते, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. आपली औषधी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचीच एक बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, बागांतून आणि कुंपणांवरूनही वाढते आणि रोपे विकणाऱ्यालाही दोन्हींतला फरक ठाऊक असतोच असे नाही. पाने दोन्हींची हृदयाकृती असल्याने पानावरून निर्णय करू नका, खोडाकडे पाहा. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो आणि तो नखाने सहज सुटतो. आत हिरवा, रसदार भाग दिसतो आणि आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना स्पष्ट दिसते. दुसऱ्या जातीचे खोड करडे असते, त्यावर चामखिळींसारखे असंख्य बारीक उंचवटे बोटाला लागतात आणि कापल्यावर दुधाळ चीक येतो. फुले-फळे आलीच तर खऱ्या गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि गोल लाल फळे असतात. दुसरीला तीन पाकळ्या आणि लांबट, नारिंगी फळे. तुम्ही आणलेल्या रोपाचे खोड आजच बोटाने चाचपून पाहा. उंचवटे लागले तर ती वेल शोभेला ठेवा, पण पोटात घेऊ नका.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी म्हणून गुळवेल रोज घेण्याची लाट आली आणि 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने दोन जातींतील गोंधळाकडे बोट दाखवले आणि ओळखीच्या खुणाही जाहीर केल्या. माझ्या मते दोन्ही बाजूंचे ऐकण्यासारखे आहे. जात चुकणे हे एक कारण असू शकते, पण सगळा दोष दुसऱ्या जातीवर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. गुळवेल शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चालना देते, आणि ज्यांची ती यंत्रणा आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटलेली आहे, म्हणजे संधिवाताचे काही प्रकार, थायरॉईडचे काही विकार, स्वप्रतिकारामुळे होणारी यकृताची सूज, त्यांनी ती वैद्याला आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि निरोगी माणसानेही ती चहासारखी रोज पिण्याचे कारण नाही. तापात किंवा ताप उतरल्यानंतरच्या कणकणीत करंगळीएवढ्या जाडीचा, चार बोटे लांबीचा ताजा तुकडा पापुद्रा काढून ठेचावा, रात्री कपभर पाण्यात भिजवावा, सकाळी कुस्करून गाळून घ्यावा. पाच-सात दिवसांत काम झाले की थांबावे. घेत असताना भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.

अडुळशाबद्दल मात्र मला मनापासून आपुलकी आहे, कारण इतके गुणी झुडूप कुंपणाला लावून आपण विसरून जातो. याच्या पानांत वासिसीन नावाचे अल्कलॉइड असते, आणि खोकल्याच्या आधुनिक औषधांत जे ब्रोमहेक्सीन वापरतात ते याच वासिसीनवरून तयार झाले. चिकट, सुटत नसलेल्या कफावर अडुळसा उत्तम काम करतो. कोरड्या, ढास लागणाऱ्या खोकल्यात एकट्या अडुळशाचा तेवढा उपयोग होत नाही, हे यादीत कोणी लिहीत नाही.

अडुळशाचे कच्चे पान वाटून पिळले तर रस जेमतेम चमचाभर निघतो आणि लोक वैतागून पाणी घालून उकळतात. जुनी रीत पुटपाकाची आहे, आणि ती आजच्या स्वयंपाकघरातही जमते. कोवळी नव्हेत, जून झालेली पण पिवळी न पडलेली आठ-दहा पाने धुऊन घ्या, एकावर एक ठेवून गुंडाळी करा, केळीच्या पानात बांधा आणि मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवा. पाने बाहेर काढली की त्यांचा तजेलदार हिरवा रंग जाऊन ती मळकट, शेवाळी झालेली दिसतील आणि हाताला ओलसर, मऊ लागतील. कोमट असतानाच स्वच्छ फडक्यातून पिळा. गडद, दाटसर, अतिशय कडू रस सुटतो. मोठ्या माणसाने दोन चहाचे चमचे रस तेवढ्याच मधातून दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस घ्यावा. रस दरवेळी ताजा काढावा. फ्रिजमध्ये साठवू नये. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदरपणात अडुळसा पूर्णपणे वर्ज्य. सासूबाईंना द्यायचा असेल तर मधाचा हिशेब त्यांच्या साखरेत धरावा, किंवा मधाऐवजी कोमट पाण्यातून द्यावा.

यावरून काढ्याच्या मुद्द्याकडे येते, कारण सरसकट सगळे एकत्र उकळणे ही आपल्या घरोघरीची रीत झाली आहे. आयुर्वेदात स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (उकळून आटवलेला काढा), हिम आणि फांट असे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत आणि कोणत्या द्रव्याला कोणता प्रकार, यामागे विचार आहे. साल, मूळ, लाकूड असे कठीण द्रव्य असेल तर क्वाथ. शार्ङ्गधराचे प्रमाण सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवण्याचे आहे. फांट म्हणजे चौपट गरम पाणी ओतून, कुस्करून गाळणे, आणि हिम म्हणजे सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवणे. तुळस, गवती चहा, पानओवा यांचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो: तुळशीत युजेनॉल, गवती चहात सिट्रल. ही पाने सुंठेबरोबर वीस मिनिटे खळखळून उकळली की स्वयंपाकघरभर सुगंध दरवळतो आणि घरच्यांना वाटते, काढा छान झाला. प्रत्यक्षात जे पोटात जायला हवे होते तेच हवेत गेलेले असते. म्हणून सुंठ-दालचिनी आधी उकळा, गॅस बंद करा, मग तुळस आणि गवती चहा हाताने चुरडून टाका आणि वर लगेच झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी झाकण उचलाल तेव्हा आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यातच झटका. तेल त्यातही असते.

2020 साली आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या आयुष क्वाथात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक असे प्रमाण होते, आणि ती पूडही उकळलेल्या पाण्यात भिजवूनच घ्यायची होती. लोकांनी मात्र त्यात हाताला लागेल ते घातले आणि चमचे वाढवत नेले. मग उष्णता वाढून तोंड येणे, छातीत जळजळ, मूळव्याध उठणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागले.

सासूबाईंच्या रोजच्या काढ्यातील ज्येष्ठमध तर पहिल्याप्रथम काढून टाका. घशाला आणि आम्लपित्ताला ते फार चांगले, पण त्यातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम कमी करते आणि रक्तदाब वाढवते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होते. दोन्ही एकत्र आले तर पायांत गोळे येण्यापासून हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळणे वेगळे आणि वर्षभर रोज काढा घेणे वेगळे. गुळवेलीमुळे साखर आणखी उतरू शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर तीही रोजच्या काढ्यात नको. दालचिनी आपल्या बाजारात बहुधा जाड सालीची मिळते; तिच्यात कुमॅरीन अधिक असते आणि ते दीर्घकाळ यकृताला सोसवत नाही, म्हणून चिमूटभरापुरतीच ठेवा. सासूबाईंना सकाळी काही गरम हवे असेल तर तुळशीची चार पाने आणि गवती चहाची एक पात, झाकून ठेवलेल्या गरम पाण्यात, बिनसाखरेची, एवढे पुरे आहे.

‘इन्सुलिन’च्या रोपाविषयी स्पष्ट बोलते. ही आल्याच्या दूरच्या नात्यातील, कॉस्टस कुळातील वनस्पती आहे आणि तिच्या पानांत इन्सुलिन नसते. असते तरी उपयोग नव्हता, कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि पोटात गेले की डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते; म्हणूनच रुग्णाला ते टोचून घ्यावे लागते. पानांनी साखर थोडीफार उतरते असे मानण्यास प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार आहे, पण तेच जोखमीचेही आहे. गोळी चालू असताना वरून पाने चघळली आणि त्या दिवशी जेवण कमी झाले, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भ्रम होऊ शकतो, आणि वृद्ध माणसाला हे रात्री झोपेत झाले तर घरच्यांना कळतही नाही. याहून वाईट म्हणजे पानांवर विश्वास ठेवून गोळ्या बंद करणे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात 1954 च्या कायद्यानेच मना आहे, तरी असे दावे रोज फिरतात. रोप सुंदर आहे, नारिंगी फुले येतात. गॅलरीत असू द्या.

ब्राह्मीबाबत काळजीचे कारण नाही, फक्त काय आणले ते माहीत असावे. आपल्याकडे नर्सरीत ब्राह्मी म्हणून बहुधा गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची जमिनीवर पसरणारी मंडूकपर्णी मिळते. दुसरी, जलब्राह्मी, बारीक, मांसल पानांची आणि फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांची असते. चरकाने बुद्धीसाठी जी चार रसायने सांगितली, त्यांत मंडूकपर्णीचा रस आहे, त्यामुळे तुमची निवड वाया गेलेली नाही. आठवड्यातून दोनदा मूठभर पाने चटणीत किंवा कोशिंबिरीत घालावीत. ही वनस्पती ओढ्या-गटारांच्या कडेला वाढताना पाण्यातली घाण आणि जड धातूही शोषते, म्हणून बाजारातल्या जुडीपेक्षा घरच्या कुंडीतली केव्हाही बरी. तिला अर्धी सावली आणि सतत ओल लागते.

उरलेल्या कुंड्यांत पानओवा आणि कोरफड लावा. पानओव्याची जाड, लवदार पाने भज्यांसाठी आपण वापरतोच. सर्दीत एक पान तव्यावर किंचित गरम करून त्याचे चार-पाच थेंब मधातून देण्याची रीत तुमच्या मुलाच्या वयाला चालण्यासारखी आहे. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध कधीच देऊ नये. मुलाला याव्यतिरिक्त गुळवेल, अडुळसा वगैरे घरच्या घरी देऊ नका. श्वास जोरजोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा मूल पाणीही पीत नसेल, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि ओवा-कापराची पुरचुंडी घरात ठेवत असाल तर ती मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात.

कोरफडीचे पान कापले की कडेने पिवळा चीक गळतो. तो वाळवला की काळा बोळ होतो, आणि तो तीव्र रेचक आहे. भाजल्यावर किंवा उन्हाने रापल्यावर गर लावायचा असेल तर पान कापून अर्धा तास उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग धुऊन आतला काचेसारखा पारदर्शक गर घ्यावा. बाहेरून लावण्यापुरतीच कोरफड वापरा. रोज सकाळी गर खाण्याची सवय मी कोणाला लावत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते. आणलेली पाने वापरू नका. एकदा छाटणी करा आणि महिनाभराने आलेल्या नव्या फुटीपासून सुरुवात करा. पूर्वेची गॅलरी म्हणजे सकाळचे तीन-चार तास ऊन, ते तुळशीला जेमतेम पुरते, म्हणून तुळस आणि गवती चहा कठड्याजवळ ठेवा, अडुळशाला मोठी कुंडी द्या आणि गुळवेल ग्रिलवर चढू द्या.

गुडघ्यासाठी यादीत नसलेली एक वनस्पती सुचवते: निर्गुडी. झाड मोठे होते, गॅलरीत मावणार नाही, पण पुण्याच्या आसपास ओढ्याकाठी ती भरपूर आहे. तिचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून गुडघा शेकला की सूज आणि ठणका कमी होतो. सासूबाईंना मधुमेह आहे हे मात्र विसरू नका: अशा माणसांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसलेला त्यांना कळत नाही आणि फोड आला तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून पाहा आणि शेक तुम्हीच द्या. शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली की त्या गुडघ्याची कातडी निर्धोक राहावी म्हणून शेकही थांबवा.

शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी काढा, गुळवेल, ‘इन्सुलिन’ची पाने, लसणीच्या किंवा हळदीच्या गोळ्या, सगळे बंद झालेले असावे, कारण यांतील काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि काहींनी साखर खाली-वर होते. स्वयंपाकातील आले, लसूण, हळद चालू राहू दे. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासणीला जाल तेव्हा सासूबाई काय काय घेत होत्या, किती आणि कधीपासून, हे एका कागदावर लिहून न्या. बहुतेक रुग्ण ‘ते तर घरगुतीच आहे’ म्हणून सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारायचे राहून जातात, म्हणून तो कागद तुम्ही स्वतःहून त्यांच्या हातात द्या.